हातचा एक

रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा.
डेक्लन स्टुलावर उभा,
हातात सॉसची रिकामी बाटली, धुतलेली,
तिच्यात दूध,
आणि मनगटावर थेंब टाकून बघतोय
फार गरम तर नाही ना.
सहा वर्षांचा.
"बाळाची वेळ झाली," म्हणाला,
मागे वळूनही न बघता.

बाळ इथे नव्हतंच.
बाळ त्याच संध्याकाळी दुसऱ्या गाडीतून
संडरलंडला गेलं होतं, दुसऱ्या कुणाच्या घरी,
कारण माझ्याकडे जास्तीची खोली एकच.
ती एकच खोली मला अजून टोचते.

मी नजवाला उठवलं, नजवानं त्या घरी फोन लावला.
तिकडची बाई जागीच होती.
तिनं फोन बाळाच्या तोंडाशी धरला.
गटगट, मग एक श्वास, मग गटगट.
डेक्लननं शेवटपर्यंत ऐकलं,
आपली बाटली सिंकमध्ये ओतली
आणि वर जाऊन झोपला.
मी मात्र उजाडेपर्यंत खुर्चीत.

सव्वीस वर्षं टाइन नदीच्या फेरीबोटीवर दोर टाकले मी.
निवृत्त झाले तरी हात झोपेत गाठी मारायचे.
मग ही नजवा यायला लागली, समाजसेवा खात्याची.
आठ महिने चहा पीत विचारत राहिली:
नवरा गेला तेव्हा कुणाजवळ रडलात?
लहानपणी मार खाल्लात?
घरात कुलपं कुठे कुठे?
राग आला की काय करता?
मी म्हटलं, परसात जाऊन कोबी उपटते.
तिनं तेही लिहून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात मी त्याला बॅग घेतली,
निळी, चाकांची.
आला तेव्हा कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होते,
ते मला बघवेना.
चुकलंच माझं.
दोन दिवस तो त्या बॅगेवर बसून राहिला, अंगात कोट,
न्यायला कधी येतात म्हणून.
शेवटी मी तिच्यात बटाटे भरले
आणि जिन्याखाली ढकलली.
तेव्हा कुठे कोट उतरला.

दुकानात बायका विचारतात,
विनी, कसली गं आई म्हणायची ती?
मी तिला दर गुरुवारी बघते, केंद्रात.
तेविशीतली पोर.
केस धुऊन येते, त्याच्या आवडीची बिस्किटं आणते,
आणि पुडा फोडताना हात थरथरतात तिचे.
कसली म्हणजे? आजारी.
गोळ्यांनी घेरलेली, पाठीशी कुणी नसलेली.
मायेत खोट नव्हती.
पण मायेनं बाटली उकळत नाही,
शाळेची घंटा गाठली जात नाही.
घरात कुणीतरी जागं असावं लागतं, बस.
त्या घरात हा जागा होता.

मार्चमध्ये बेरजा आल्या.
अठ्ठावीस आणि सत्तावीस.
आठ न सात पंधरा, पाच खाली लिही, हातचा एक.
"हातचा ठेवायचा कुठे?"
बोटात धर.
"किती वेळ?"
पुढचं घर येईपर्यंत.
तो वहीकडे बघत राहिला.
"आणि धरणारा विसरला तर?"
मग सगळंच चुकतं, म्हटलं,
आणि उठून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

बहीण माझी फोनवर बजावते:
हातचं राखून जीव लाव, जाणारं पोर आहे.
तिला काय सांगू.
दूध कोमट आहे की गार
ते मनगटाला कळतं,
आणि या पोराचं मनगट तर तयार झालेलं.

जूनमध्ये कदाचित, असं नजवा म्हणते.
आईला दोन खोल्यांचं घर मिळतंय,
बाळही तिथेच येईल.
गुरुवारी तिचे हात बरेच स्थिर होते,
मी मुद्दाम बघितलं.
मला आनंद झाला. खरंच झाला.

बॅगेतले बटाटे
मी अजून काढलेले नाहीत.